गादीवरच्या अक्का

आमच्या अक्कांबद्दल काही विचारायचं असलं की माणसं आधी आवाज बारीक करतात. "त्या तुमच्या दुकानात होत्या बघा... त्या... म्हणजे..." असं म्हणत मान वाकडी करतात आणि पुढचं वाक्य मी पुरं करावं म्हणून वाट बघत बसतात. मी करत नाही. उलट मोठ्यानं विचारते, "कोण? साडीवाल्या अक्का?" शेजारच्या टेबलावर मिसळ खाणारासुद्धा वळून बघतो, आणि मग विचारणाऱ्याचीच पंचाईत होते. चोरून बोलावं असं अक्कांमध्ये काही नव्हतंच. त्या स्वतः इतक्या ठसक्यात वावरायच्या की त्यांच्याबद्दल कुणी कुजबुजलं की मला राग येतो. अजून येतो.

त्यांचं आधीचं नाव मी इथं लिहिणार नाही. ते त्यांनी टाकलं ते टाकलं. टाकलेली वस्तू उचलून आणणारी मी कोण? नवं नाव त्यांनी घेतलं होतं, देखणं होतं, पण ते कुणाच्या तोंडात बसायच्या आधीच दुकानातल्या आमच्या शमीमभाभींनी त्यांना 'अक्का' म्हणायला सुरुवात केली. कुरुंदवाडकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात आणि या अक्का मूळच्या तिकडच्या. त्यांची सख्खी थोरली बहीण एकदा दुकानात आली आणि आम्ही सगळ्या यांना अक्का म्हणतोय हे ऐकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "घरात अक्का मी हाय. ही कवापास्नं झाली?" यांनी साडीची घडी करता करता उत्तर दिलं, "तू घरातली. मी दुकानातली. बस खाली." मग दोघी एका इरकलीच्या काठावरून तासभर भांडल्या. बहिणीनं ती साडी शेवटी घेतली नाही. पण जाताना यांच्या कपाळावरची टिकली जरा डावीकडे सरकली होती ती तिनं बोटानं सरळ केली आणि गेली.

आमचं दुकान कोल्हापुरात, महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत. आत शिरलं की समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत गादी, तिच्यावर पांढरीशुभ्र चादर. साडीच्या दुकानात गेलेल्या प्रत्येक बाईनं पाहिलेली एक गोष्ट आहे, पण त्यातली गंमत कुणाच्या ध्यानात येत नाही. साडी नेसून दाखवतो तो पुरुष. चांगला मिशीवाला गडी उठून उभा राहतो, शर्ट-पँटवर शालू गुंडाळतो, कमरेच्या पट्ट्यात निऱ्या खोचतो, पदर खांद्यावरून पुढे सोडतो, आणि समोर बसलेलं अख्खं घराणं त्याच्याकडे बघून म्हणतं, "काठ उठून दिसतोय, नाही?" कुणाला हसू येत नाही, कुणी बोट दाखवत नाही. कारण तो धंदा आहे.

आणि आम्ही बायका? आम्ही गादीच्या खाली. मॅचिंगचा ब्लाउजपीस काढून देणं, परकराचं काउंटर सांभाळणं, वरच्या मजल्यावरून गठ्ठे आणणं. शमीमभाभी मागच्या खोलीत मशीनवर फॉल-पिको करायच्या. बाईनं गादीवर चढायचं नाही हा मालकांच्या वडिलांच्या वेळचा नियम. बाई साडी नेसून उभी राहिली की गिऱ्हाईक साडीकडं न बघता बाईकडं बघतं, असं म्हातारबाबांचं म्हणणं होतं म्हणे. त्या नियमाला कुणी कधी हात लावला नव्हता, कारण तो नियम आहे हेच कुणाला कधी जाणवलं नव्हतं.

अक्का गादीवरच्या. दुकानात सर्वांत जुन्या. शर्टात होत्या तेव्हाच्या गोष्टी सांगतानाही मी त्यांना अक्काच म्हणणार, वाचणाऱ्यानं सवय करून घ्यावी.

दुसरे गडी साडी नेसून दाखवताना चाळे करायचे. सुरेशदा तर कंबर हलवायचा, मान वेळावून पापण्या फडफडवायचा. बायका खिदळायच्या, साडी खपायची. अक्कांनी कधी असलं काही केलं नाही. त्या उठायच्या, साडी उलगडायच्या, आणि त्यांचा चेहरा एकदम शांत व्हायचा. पदर खांद्यावर आला की समोरच्या बडबडणाऱ्या बायका आपसूक गप्प व्हायच्या. एकदा सुरेशदाचे चाळे चालले असताना त्यांनी भर गिऱ्हाइकात त्याला झापलं, "कंबर कशाला हालवालायस? साडी म्हंजे हासायची वस्तू हाय व्हय?" सुरेशदा दिवसभर तोंड पाडून बसला. मालकांनी अक्कांना बोल लावला, पण अक्कांना बोल लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

स्वभाव मात्र तापट आणि हेकट, हे सांगायलाच हवं. दुसऱ्यानं घातलेली घडी त्यांना कधी पसंत पडली नाही. मी घडी घालून ठेवली की मी वळायच्या आत मोडून परत घालायच्या, तीही मला दिसेल अशी. गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायच्या, "हा रंग तुमास्नी न्हाई चांगला दिसत. घ्यायचा तर घ्या, पर माझं नाव सांगू नगासा." कुणी फोनवर मालिकेतल्या नटीचा फोटो दाखवून तसलीच साडी मागितली की विचारायच्या, "ही बाई मालिकेत काय काम करती?" गिऱ्हाईक म्हणायचं, सासूचं. "म्हंजे दिवसभर सोप्यावर बसून भांडती. तिला चालती ही. तुमास्नी घरात कामं हाईत न्हवं?" निम्मी गिऱ्हाइकं रागावून जायची आणि पुढच्या सणाला परत त्यांच्याच पुढ्यात येऊन बसायची.

रंगांची इंग्रजी नावं त्यांना सहन होत नसत. त्यांची आपली नावं होती. काकवीचा तपकिरी. उसाच्या पाल्याचा हिरवा. तांबड्या रश्श्यावरच्या कटाचा लाल. एकदा एक कॉलेजची मुलगी "सी ग्रीन दाखवा" म्हणाली तर या म्हणाल्या, "समुद्र कोण बघायला गेलंय? रंकाळ्याचा हिरवा म्हण. आणि पावसाच्या आदीचा का नंतरचा, ते बी सांग." मुलगी गोंधळली. अक्कांनी तिच्यापुढं दोन साड्या टाकल्या आणि दोन्ही खरोखर रंकाळा तलावाच्या पाण्याच्या होत्या.

आता मुख्य गोष्टीकडे येते. एके सकाळी उठून अक्का साडी नेसून आल्या असं जे लोक सांगतात ते अर्धवट आहे. त्याआधी किती महिने त्या थोड्याथोड्यानं पुढे सरकत होत्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. आधी केस वाढले. मग कानात खडा आला. मग काजळ. मग नखांना फिकट गुलाबी रंग, आणि गादीवरच्या माणसाचे हात तर सगळ्यांत आधी दिसतात. दर वेळी थोडी कुजबुज व्हायची, मग थांबायची, आणि ती पुरती थांबली की अक्का पुढचं पाऊल टाकायच्या. सुरेशदानं एकदा खोचकपणे विचारलं, "उद्या मेंदी बी काढणार काय?" अक्का म्हणाल्या, "काढणार की. कोन धरायला येतोस काय तू?" मला त्या म्हणायच्या, "माणसाचा डोळा म्हंजे नवी चप्पल गं. चार दिवस चावती, मग बसती. आपण घालायची सोडायची न्हाई."

बोलण्यात तर त्यांना काही बदलावंच लागलं नाही. कोल्हापुरातल्या आम्ही बायका तशाही 'आलो, गेलो, जेवलो' असंच बोलतो. पुण्याची गिऱ्हाइकं आम्हांलाच हसतात.

आणि मग ती सकाळ. दुकान नुकतंच उघडलं होतं. अक्का कसबा बावड्याला एका खोलीत राहायच्या आणि तिथून बसनं यायच्या. दारातून आत आल्या त्या एका मुठीत निऱ्या आवळून, दुसऱ्या हातात पदराचा बोळा घेऊन, घामाघूम. नेसली होती उसाच्या पाल्याच्या रंगाची सुती साडी, आणि ती सगळीकडून सुटत चालली होती. मागून तर जवळजवळ गुडघ्यापर्यंत वर गेली होती. त्या आम्हां सगळ्यांकडे बघून कडाडल्या, "कुणी हासायचं न्हाई!"

कुणी हसलं नाही, कारण काय झालंय हेच आधी कळेना. या बाईनं अर्ध्या जिल्ह्यातल्या नवऱ्या मुलींना शालू दाखवलेले, झोपेतसुद्धा निऱ्या घालेल असा हात. शमीमभाभींनी त्यांना धरून मागच्या खोलीत नेलं, मीही मागोमाग गेले. भाभींनी पदर बाजूला केला आणि कपाळावर हात मारला. परकरावर कातडी पट्टा आवळला होता. पुरुषाचा, बक्कलवाला. आणि निऱ्या त्या पट्ट्यात खोचलेल्या.

"या अल्ला! अक्का, ह्ये काय वं?"

"मग कशात खोचायच्या?" अक्का चिडून म्हणाल्या. "इतकी वर्सं मी पट्ट्यातच खोचतोय न्हवं?"

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. अक्कांना साडी नेसता येत होती ती दुकानातली. दुकानातली नेसण उभं राहण्यासाठी असते. खाली पँट असते, म्हणून पाठीमागचा पहिला फेरा कुणी घेतच नाही. निऱ्या रुंद घालतात, काठ दिसावा म्हणून. पदर पुढून मोकळा सोडतात, नक्षी दिसावी म्हणून. समोरच्या गिऱ्हाइकाला जे दिसतं तेवढंच नेसायचं आणि लगेच उतरवायचं. चालायचं नसतं, बसायचं नसतं, बसच्या पायरीवर पाय टाकायचा नसतो. हजारो साड्या नेसलेली ही बाई आयुष्यात पहिल्यांदा साडी नेसून रस्त्यावर आली होती, आणि साडीनं तिला बावड्यापासून महाद्वार रोडपर्यंत दगा दिला होता.

शमीमभाभींनी पट्टा सोडवला आणि नाडा हातात दिला. "श्वास सोडा आधी. मग बांधा. पोट फुगवून बांधलासा तर जिन्यावर सुटती. आता हा पहिला फेरा पुरा घ्या पाठीमागनं. पुरा. ही आपली हाय, गिऱ्हाइकाची न्हाई. निऱ्या बारीक. आता चाला बघू."

अक्का मागच्या खोलीत चालल्या. कपाटापासून मशीनपर्यंत, मशीनपासून कपाटापर्यंत. पहिल्यांदा पावलं आखडती पडली. भाभी म्हणाल्या, "पायानं निऱ्या ढकलत चाला, त्यांच्याकडं बघू नगासा." हळूहळू पावलं मोकळी झाली. मग त्या आरशापुढं थांबल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. आरशात बघून त्यांनी काय बोलावं असं तुम्हांला वाटतंय? म्हणाल्या, "फॉल जरा वर लागलाय. कुणी लावलाय ह्यो?" भाभींनीच लावला होता. दोघींचं तिथल्या तिथं वाजलं. पण अक्कांचे डोळे भरलेले होते आणि माझेही भरले होते, हे मी सांगून टाकते.

बाहेर मालक वाट बघत होते. आमचे मालक वाईट माणूस नाहीत. भित्रे आहेत. गल्लीतलं कुणी काही म्हणेल, बस्त्याला येणारी मोठी घराणी पाठ फिरवतील, ही त्यांची भीती. काउंटरमागून त्यांनी विचारलं, "हे काय?"

"साडी," अक्का म्हणाल्या.

"ते दिसतंय मला. घरातनं नेसून आलासा व्हय?"

"व्हय. बसनं आलो."

"हे बघा," मालक समजुतीनं म्हणाले, "गादीवर काय पाहिजे ते नेसा. शालू नेसा, पैठणी नेसा, मी काय म्हणतोय काय? पर खाली उतरलं की प्यांट-शर्ट. लोकं काय म्हणतील?"

"मालक, दिवसभर मी तुमच्यासाठी साड्या नेसतो, तवा लोकं काय म्हणत न्हाईत. आज माझ्यासाठी एक नेसली तर लगीच म्हणत्यात व्हय?"

उत्तर सुचलं नाही की माणसाला नियम आठवतो. ते म्हणाले, "बरं. बाई म्हणून येणार असलासा तर बायकांचा नियम तुमास्नी बी लागू. बायका गादीवर बसत न्हाईत हितं. शर्टात गादी, साडीत मॅचिंग. तुमचं तुम्ही ठरवा."

मला त्यांचा हिशेब स्वच्छ दिसला. अक्का म्हणजे गादी. अख्ख्या आयुष्यात त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. गादीवर त्यांना मान होता, गिऱ्हाईक नाव घेऊन विचारत यायचं. मॅचिंगचं काउंटर म्हणजे कोपऱ्यात उभं राहून रंगीत चिंध्या जुळवत बसणं. अक्का गादी सोडणार नाहीत, मुकाट्यानं उद्या शर्टात येतील, अशी मालकांची खात्री होती. अक्कांनी गादीकडे एकवार पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅचिंगला तूच असतीस न्हवं? सरक जरा तिकडं. जागा कर."

अशा त्या आमच्यात आल्या. त्याच दिवशी त्यांनी बायकांना असते ती डाळिंबी रंगाची युनिफॉर्मची साडी मागून घेतली. दुपारी डबा कुठं उघडायचा हा प्रश्न आला. गडी जिन्याखाली जेवायचे, आम्ही मशीनच्या खोलीत. अक्का डबा हातात धरून दोन्हींच्या मध्ये उभ्या राहिल्या. त्यांना तसं अवघडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. भाभींनी स्टूल पायानं पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "बसा की आता. खर्डा आणलाय."

पण गादी सोडली म्हणजे गादीवरचा हक्क सोडला असं काही अक्कांनी मानलं नव्हतं. रोज सकाळी आल्या की त्या आधी गादीशी जायच्या. चादरीची सुरकुती हातानं साफ करायच्या आणि काउंटरकडे बघून विचारायच्या, "मालक, गादी?"

"न्हाई."

"बरं."

आणि मॅचिंगला येऊन उभ्या राहायच्या. हे रोज. उन्हाळा गेला, पाऊस लागला, गणपती झाले. मालक कधी वैतागायचे, कधी पेपर तोंडासमोर धरायचे, कधी हात जोडायचे. एकदा मालक कुठल्याशा लग्नाला गेले होते तर अक्कांनी फोन लावून विचारलं. मी म्हटलं, "अक्का, कशाला? ते काय हो म्हणायचे न्हाईत." तर म्हणाल्या, "मी इचारायचं थांबलो की त्यांना वाटंल, ह्यांना पटलं. मला पटलेलं न्हाई. ते रोज सांगाय पाहिजे."

मग दिवाळीनंतर लग्नसराईत कागलचा बस्ता आला. बस्ता म्हणजे काय ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. लग्नाच्या साड्या घ्यायला दोन्हीकडची माणसं जीप भरून येतात, पोरंबाळं, पाण्याच्या बाटल्या, रुसणारी एखादी काकू असा सगळा लवाजमा. या बस्त्याची सूत्रं नवरीच्या आत्याच्या हातात होती. आवाज असा की गल्लीतल्या रिक्षा थांबाव्यात. नवरी मात्र एका कडेला गप्प. पोरगी पोलिसात. उंच, रुंद खांद्याची, केस बारीक कापलेले. सुरेशदा एकामागून एक शालू अंगावर टाकून पापण्या फडफडवत होता, सगळे हसत होते, आणि ती पोरगी दर शालूगणिक आणखी आक्रसत चालली होती. आत्यानं दहादा विचारलं, "आगं बोल की, कसला पाहिजे?" शेवटी ती म्हणाली, "आत्या, मला ह्यातलं काय कळत न्हाई गं. मी रोज प्यांटीत. ह्यांच्या अंगावर बघून मला कसं कळणार, मी कशी दिसतो ते? मी दिसतो ती वर्दीतच चांगली दिसतो."

लोक हसले. तिला रडू येईल असं मला वाटलं.

अक्का मॅचिंगच्या काउंटरवरून निघाल्या. गादीच्या कडेला चप्पल काढली. आणि भर बस्त्यात, सगळ्यांसमोर, रोजच्याच आवाजात विचारलं, "मालक, गादी?"

मालकांचा चेहरा पडला. आत्यानं एकदा अक्कांकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, सावकाश. मग आत्या मालकांवर कडाडली, "आवो, त्या बाई काय तर इचाराल्यात! कानात बोळं घातल्यासा काय? चढू द्या की त्यास्नी!"

अक्का चढल्या. त्यांनी शालू स्वतःच्या अंगावर घेतला नाही. पोरीला हात धरून वर उभं केलं आणि तिच्या ड्रेसवरूनच तिला नेसवायला लागल्या. हे आमच्या दुकानात कधी झालं नव्हतं. होणार कसं? गडी बाईच्या अंगाला हात लावू शकत नाही, आणि बाईला गादी नाही. अक्का निऱ्या घालता घालता तिच्याशी हळू आवाजात बोलत होत्या. "खांदं आत कशाला घेतीस? रुंद हाईत तर रुंद राहू देत. पदराला जागा लागतीच. वर्दीत कशी उभी ऱ्हातीस? तशी उभी ऱ्हा. साडीत दुसरं माणूस व्हायचं नसतंय. आपलंच ऱ्हायाचं, कापड तेवढं बदलायचं." पोरगी ताठ उभी राहिली. अक्कांनी तिला आरशाकडे वळवलं. पोरगी बघत राहिली, आणि मग आत्याकडे वळून म्हणाली, "हाच."

संध्याकाळी मालकांनी अक्कांना बोलावलं. खूश होते. म्हणाले, "चला, झालं गेलं ऱ्हाऊ द्या. उद्यापास्नं बसा गादीवर. साडीत बसा."

मी आणि भाभींनी एकमेकींचा हात दाबला. अक्का म्हणाल्या, "आणि ह्या?"

"ह्यांचं काय?"

"बायका गादीवर बसत न्हाईत असं तुम्हीच म्हटलासा. मग मी एकटी कशी बसू? मी एकटी बसलो तर मी बाई न्हवं, मी कायतर येगळंच. लोकं मला बघाय येतील. मला बघाय न्हाई यायचं त्यांनी. साडी बघाय यायचं."

"आवो, पर तुम्हाला तर पाहिजे होती न्हवं गादी!"

"पाहिजेच हाय. पर बाई म्हणून. सगळ्या बसतील तवा बसतो."

आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन मॅचिंगला उभ्या राहिल्या. मी त्यांच्यावर खरंच चिडले. हातातोंडाशी आलेला घास कोण सोडतं? मी म्हटलं, "आमच्यापायी कशाला अडून बसलाय? आम्ही कवा मागितली गादी?" त्या माझी घडी मोडत म्हणाल्या, "न्हाई मागितलीसा, ह्येच तर."

मग जी गंमत सुरू झाली ती महिनाभर चालली. कागलच्या आत्यानं गावभर सांगितलं असावं, कारण नवऱ्या मुली यायच्या आणि म्हणायच्या, आम्हांला अंगावर नेसवून दाखवा. अक्का अतिशय अदबीनं हात जोडायच्या, "आमास्नी गादीवर चढायला बंदी हाय. मालकांचा नियम हाय. मालक तिकडं बसल्यात." की गिऱ्हाइकं काउंटरवर. मालक एकीला समजावतायत तोवर दुसरी. कुणी म्हणालं, आजच्या काळात असले नियम? कुणाच्या वकील वहिनीनं दुकानाच्या नावाचा फोटो काढला. अक्का नियम पाळून मालकांना जेरीस आणत होत्या, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू त्या नियमाची सर्वांत जास्त काळजी त्यांनाच आहे.

एका सकाळी त्यांनी चादर साफ केली, तोंड उघडलं, आणि त्या बोलायच्या आत मालक ओरडले, "बसा! सगळ्या बसा! त्या पिकोवाल्या भाभीला बी बसवा! डोकं नगा खाऊ माझं!"

भाभी काही आल्या नाहीत, त्यांना त्यांचं मशीनच प्यारं. मी चढले. इतकी वर्षं त्या चादरीला मी हात लावला होता, पाय कधी लावला नव्हता. मी अंग चोरून एका कडेला टेकले तर अक्कांनी मांडीवर चापट मारली, "पावणी हायस व्हय तू? नीट बस." पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा माझ्या हातून साडीचा गठ्ठाच सुटला. आज मी त्याच जागी बसते, माझ्या शेजारी आणखी तिघी असतात, आणि बायका गादीवर नव्हत्या असं सांगितलं तर नव्या पोरींना खरं वाटत नाही. अक्कांचे गुडघे गेले. त्या कुरुंदवाडला बहिणीकडे राहतात. फोन केला की आधी विचारतात, घड्या कोण घालतंय.

पण त्या गादीवर परत बसल्या त्याच आठवड्यातली गोष्ट मला सांगायची आहे. एक बाई सुनेसाठी साडी घ्यायला आल्या होत्या. सोन्यानं मढलेल्या, बोलण्यात जोर. सून बिचारी निळ्या साडीकडे बघत होती आणि सासूबाई तिच्या पुढ्यात मोतिया रंग ढकलत होत्या. अक्कांनी मोतिया उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "नेसणार कोण? तुम्ही का ती? तुम्ही नेसणार असलासा तर तुमच्यासाठी दावतो, तिचं नंतर बघू." बाईंचं पित्त खवळलं. अक्का हूं की चूं न करता निळी उलगडत राहिल्या. बाई तरातरा काउंटरशी गेल्या आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ती गादीवरची बाई लई उर्मट हाय. तिला आधी खाली उतरवा!"

आम्हांला परत खाली उतरवायला मालकांना एवढं निमित्त पुरलं असतं. आता ते आयतं समोर चालून आलं होतं, तेही मोठ्या गिऱ्हाइकाच्या तोंडून. अक्कांचे हात साडीवरच थांबले.

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"न्हाई उतरत ओ ती," ते म्हणाले. "आम्ही सगळं करून बघितलंय. बसा, च्या घ्या."